युद्ध अडकलंय हे नकाशावरून कसं ओळखायचं

"बाई, ते युद्ध संपलं का हो?"

आमच्या सोसायटीतल्या आठवीच्या मुलाने गेल्या पावसाळ्यात मला जिन्यातच अडवून विचारलं. टीव्हीवर त्या युद्धाचं नाव येईनासं झालं होतं, म्हणून त्याला वाटलं मिटलं असेल. मी त्याला घरात बोलावलं, जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि मागच्या तीन महिन्यांत काढलेल्या पेन्सिलीच्या रेघा दाखवल्या. सगळ्या एकमेकींवर चढून एकच जाड रेघ झाली होती. "संपलं नाही रे, अडकलंय," मी म्हटलं. "माणसं रोज मरताहेत, फक्त त्याची बातमी होत नाही."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ठाण्याच्या नौपाड्यात आमच्याकडे पाच-सहा मुलं जमतात. मी बत्तीस वर्षं कळव्यात भूगोल शिकवला. वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. त्यामुळे घरात नकाशे आणि लढाया दोन्ही लहानपणापासून होते. मुलांना जे दाखवते तेच इथे लिहिते आहे. लढाईची कोंडी कशी होते हे एकदा हाताने रेघ काढून पाहिलं की बातमी वाचण्याची नजरच बदलते.

आधी कागद

भिंतीवरचा जगाचा नकाशा या कामाचा नाही. ज्या प्रांतात लढाई चालू आहे तेवढ्याच भागाचा, नद्या, रेल्वे आणि मोठे रस्ते दाखवणारा नकाशा घ्या आणि त्यावर बटर पेपर लावा. गोखले रोडवर स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात तो मिळतो. १ सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर, असं काहीतरी प्रमाण ठरवा आणि शेवटपर्यंत ते बदलू नका. हा नियम मी मुलांकडून कडकपणे पाळून घेते. बातम्यांत एखाद्या गावाची लढाई दाखवतात तेव्हा नकाशा इतका मोठा करतात की चार गल्ल्या म्हणजे देश जिंकल्यासारखं वाटतं. आपल्या कागदावर त्या चार गल्ल्या टोक केलेल्या पेन्सिलीच्या ठिपक्यात मावतात.

दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला आघाडीची, म्हणजे दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या आहेत तिथली, रेघ काढायची आणि रेघेच्या टोकाशी तारीख घालायची. बस, एवढंच.

हात बसावा म्हणून मी मुलांना पहिल्यांदा कोरियाचं युद्ध देते, कारण त्यात दोन्ही प्रकार एकाच कागदावर येतात. २५ जून १९५० ला उत्तर कोरियाने हल्ला केला, तीन दिवसांत सोल पडलं आणि ऑगस्टपर्यंत दक्षिणेकडे पुसानभोवतीचा एक कोपरा तेवढा उरला. १५ सप्टेंबरला इंचॉनला अमेरिकन फौज उतरली आणि रेघ उलटी धावत सुटली. नोव्हेंबरात ती चीनच्या सीमेवरच्या यालू नदीजवळ होती. मग चीन उतरला आणि जानेवारी १९५१ मध्ये सोल पुन्हा पडलं. मार्चमध्ये ते परत घेतलं. हे सगळं नऊ महिन्यांत. मुलं हरखून जातात, हात भराभर चालतो. त्यानंतर मी जुलै १९५१ ची रेघ काढायला सांगते आणि तिच्या शेजारी जुलै १९५३ ची. दोन वर्षांचा काळ आणि कागदावर जेमतेम काही मिलिमीटर. ती दुसरी रेघ काढताना खोली शांत होते, दरवेळी.

रेघेची दोन्ही टोकं बघा

रेघ हलत नाही असं दिसलं की पहिला प्रश्न विचारायचा: वळसा घालायला जागा उरली आहे का? पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१४ मध्ये, फ्रान्समधल्या मार्नच्या लढाईनंतर जर्मन फौज एन नदीच्या काठच्या उंच जमिनीवर मागे हटली आणि तिने खंदक खणले. समोरून जाता येईना, म्हणून दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या बाजूने वळसा घालायचा प्रयत्न केला. दरवेळी दुसरी फौज तिथे आधीच हजर. असं करत करत दोघेही समुद्रापर्यंत पोचले. नोव्हेंबर संपेपर्यंत बेल्जियमच्या किनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या हद्दीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटरची सलग रेघ झाली. एका टोकाला पाणी, दुसऱ्या टोकाला तटस्थ देश. कोरियात तर दोन्ही टोकांना समुद्र. इराण-इराक युद्धात दक्षिणेला दलदल आणि खाडीचं मुख, उत्तरेला डोंगर.

टोकं बंद झाली की समोरून धडक देण्यावाचून गत्यंतर राहत नाही. कोंडीची खरी सुरुवात इथे होते.

चिखल आणि बांध

आता महत्त्वाचं. बहुतेकांना वाटतं, कोंडी म्हणजे कोणाला समोरची फळी फोडताच येत नाही. तसं नसतं. फळी फुटते, पुष्कळदा पहिल्याच दिवशी फुटते. फुटलेल्या जागेतून आत शिरून पुढे जाणं जमत नाही.

हे मुलांच्या गळी उतरेना, तेव्हा शाळेत असताना मी एकदा सातवीचा वर्ग ओहोटीच्या वेळी ठाणे पूर्वेला मीठबंदराच्या बाजूला नेला होता. काठाशी तिवरं, पुढे काळा चिखल आणि अलीकडे पायाखाली टणक बांध. चेंदणीचे एक कोळी काका सोबत होते, कुठे पाय घालायचा आणि कुठे नाही हे त्यांनी आखून दिलं. एका मुलाच्या पाठीवर वहीपुस्तकांनी भरलेलं दप्तर दिलं आणि चिखलातून चाळीस पावलं चालायला सांगितलं. दुसऱ्याला बांधावरून. चिखलातला मुलगा पिंढरीपर्यंत रुतत होता. एक पाय उपसला की दुसरा खाली जात होता. पंधराव्या पावलाला त्याची चप्पल आत गेली ती काकांनी कोपरापर्यंत हात घालून काढली. तो मध्यावर पोचेपर्यंत बांधावरचा मुलगा तीन फेऱ्या मारून पुढच्या टोकाला उभा राहून त्याची वाट बघत होता.

तोफांनी नांगरलेल्या जमिनीवर हल्ला करणारा सैनिक म्हणजे तो चिखलातला मुलगा. पाठीवर दारूगोळा, पाणी, फावडं. पुढे काटेरी तार. मागे त्याच्या सेनापतीला तो कुठवर पोचला हे कळत नाही, कारण टेलिफोनच्या तारा तोफगोळ्यांनी तुटलेल्या. आणि बचाव करणाऱ्याच्या पाठीमागे शाबूत रस्ते आणि रेल्वे. त्याची कुमक बांधावरून येते.

१० मार्च १९१५ ला फ्रान्समध्ये नव्ह शापेलला असंच झालं. तिथे आपल्याकडून गेलेली मीरत डिव्हिजन ब्रिटिशांच्या बरोबरीने लढली. ३५ मिनिटांचा तोफमारा, मग धडक, आणि काही तासांत गाव हातात. त्यापुढे हुकूम यायला वेळ लागला, राखीव पलटणी गर्दीत अडकल्या, दुपार निघून गेली. तेवढ्यात जर्मनांनी माणसं आणि मशीनगन आणून नवी फळी उभी केली. १३ तारखेला लढाई थांबवली. गाव मिळालं, बाकी काही नाही. आज तिथे भारतीय सैनिकांचं स्मारक आहे आणि भिंतींवर ४,७०० हून जास्त नावं आहेत, ज्यांची समाधी कुठे आहे हेच माहीत नाही अशांची.

म्हणून तुमच्या कागदावर आघाडीच्या रेघेमागे दोन्ही बाजूंचे रेल्वेमार्ग आणि जंक्शनं लाल पेन्सिलीने ठळक करा. हल्ल्याची बातमी आली की विचारा: इथून पुढचं जंक्शन किती लांब आहे, आणि बचाव करणाऱ्याला तिथे यायला किती वेळ लागेल? जंक्शन हाती येईपर्यंत खिंडार हे खिंडारच राहतं.

फ्रान्समधलीच सॉमची लढाई घ्या. १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, त्यांपैकी १९,२४० मृत. १८ नोव्हेंबरला लढाई थांबली तेव्हा रेघ जास्तीत जास्त सरकली ती १० किलोमीटरच्या आसपास. ठाणे स्टेशनहून दिव्याला जायला साधारण तेवढं अंतर आहे. मी मुलांना लोकलमध्ये बसून ते अंतर घड्याळात मोजायला लावते.

हल्लीच्या लढाईत चिखलाच्या जोडीला दोन गोष्टी आल्या आहेत, भूसुरुंग आणि ड्रोन. २०२३ च्या जूनमध्ये युक्रेनने झापोरिझ्झियाच्या बाजूने मोठी चढाई सुरू केली. अझोव्हच्या समुद्राकडे जाऊन रशियन फौजेचे दोन तुकडे करायचे, हा बेत होता. सुरुंगांच्या रुंद पट्ट्यांत गाड्या अडकल्या आणि ऑगस्टअखेर हाती लागलं ते रोबोतिने नावाचं छोटं गाव. नोव्हेंबरात त्यांचे तेव्हाचे सरसेनापती वालेरी झालुझ्नी यांनी जाहीरपणे सांगितलं की पहिल्या महायुद्धासारखी कोंडी झाली आहे. कारण त्यांनी सोपं करून सांगितलं होतं: शत्रू काय करतो ते आम्हाला दिसतं, आम्ही काय करतो ते त्याला दिसतं. पूर्वी रात्रीतून, धुक्यातून फौज एका जागी गोळा करता यायची. आकाशात सतत डोळा असेल तर ती गोळा होताना दिसते आणि तिथेच मार खाते. एवढ्या स्पष्टपणे आपल्याच युद्धाबद्दल बोलणारा सेनापती विरळा, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

घाई करू नका, ऋतू जाऊ द्या

तीन-चार रेघा एकमेकींवर आल्या की लगेच "कोंडी" म्हणायचा मोह होतो. थांबा. आपल्याकडे तर हे कोणाला समजावून सांगायला नको. पावसाळ्यात मोहिमा बंद, घोडी छावणीत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन. चार महिने फौज हलली नाही म्हणून कोणी युद्ध अडकलं असं म्हणत नसे. युक्रेनमध्ये वसंतात आणि शरदात जमिनीचा लगदा होतो, काश्मीरात बर्फ पडतं. निदान एक कोरडा मोसम पूर्ण जाऊ द्या. मोसम चांगला, फौज ताजी, दारूगोळा भरपूर, हल्लाही झाला आणि तरी रेघ तिथेच राहिली, तर कागदाच्या कोपऱ्यात "कोंडी?" लिहा. प्रश्नचिन्हासकट.

आणखी एक खूण आहे. गावाचं तेच नाव महिनोन्महिने येत राहतं. फेब्रुवारी ते डिसेंबर १९१६ फ्रान्समधलं व्हर्दं. २०२२ च्या उन्हाळ्यापासून २०२३ च्या मेपर्यंत युक्रेनमधलं बाख्मुत. जिंकणारी फौज नावं मागे टाकत जाते. अडकलेली फौज एकाच नावाभोवती फिरते, आणि सगळं संपेपर्यंत त्या नावाचं गावच उरत नाही.

पानिपतासारखी खोटी कोंडी

हा भाग मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

नोव्हेंबर १७६० पासून सदाशिवरावभाऊंची फौज पानिपतावर खंदक खणून बसली होती, आणि समोर अब्दाली. तो बागपतजवळ यमुना उतरून भाऊ आणि दिल्लीच्या मधे येऊन बसला होता. अडीच महिने कोणाचीच रेघ हलली नाही. मधे चकमकी झाल्या, डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे पडले. तुमच्या बटर पेपरवर ही हुबेहूब कोंडी दिसेल.

पण नकाशावर रसद काढा. अब्दालीला दुआबातून नजीबखानाच्या मुलखातून धान्य येत होतं. भाऊंचा दिल्लीचा रस्ता बंद. दुआबात त्याची रसद मारायला आणि इकडे रसद पुरवायला गोविंदपंत बुंदेले होते, ते डिसेंबरात मारले गेले. छावणीत यात्रेकरू, बायकामुलं, हजारो जनावरं. रेघ दोघांची स्थिर होती आणि कोठार एकाचंच रिकामं होत होतं. १४ जानेवारी १७६१ ला आपली माणसं उपाशीपोटी बाहेर पडली. इतक्या वर्षांनी शिकवतानाही या ठिकाणी माझा आवाज भरून येतो.

म्हणून वेगळ्या कागदावर दोन रकाने करा. एकात प्रत्येक बाजूचा दारूगोळा कुठून येतो, दुसऱ्यात माणसं कुठून येतात. कारखाना, बंदर, मित्रदेश, सक्तीची भरती, पगारी भरती, जे कळेल ते. मृतांचे आकडे मात्र मी मुलांना लिहू देत नाही. युद्ध चालू असताना दोन्ही बाजू आपले लपवतात आणि दुसऱ्याचे फुगवतात. दोन्ही रकाने भरलेले राहत असतील तर कोंडी खरी. एक आटत असेल तर ती लढाई चालूच आहे, फक्त पोटावर चालू आहे.

बोलणी सुरू झाली म्हणून रेघ पुसू नका

कोरियात १० जुलै १९५१ ला केसाँगला बोलणी सुरू झाली, पुढे ती पानमुनजोमला गेली. शस्त्रसंधी झाली २७ जुलै १९५३ ला. त्या दोन वर्षांत टेकड्यांसाठी माणसं मरत राहिली, कारण टेबलावर बसलेल्याला हातातली टेकडी दाखवायची असते. पोर्क चॉप नावाच्या टेकडीवर एप्रिल आणि जुलै १९५३ मध्ये भयंकर लढाई झाली. अमेरिकनांनी ती जुलैत सोडून दिली, आणि त्याच महिन्यात शस्त्रसंधी झाली. बोलणी दीर्घकाळ अडली ती जमिनीवरून नव्हे, युद्धकैद्यांवरून. ज्यांना परत मायदेशी जायचं नव्हतं त्यांचं काय करायचं? शेवटी त्या बावीस हजारांहून जास्त कैद्यांवर पहारा ठेवायला भारताची फौज गेली. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि पहाऱ्याच्या फौजेचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. आपला एक मराठी माणूस त्या गोठलेल्या रेघेवर उभा होता, हे शाळेच्या पुस्तकात यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

इराण-इराकचंही तेच. सप्टेंबर १९८० ते ऑगस्ट १९८८, आठ वर्षं, आणि शेवटी हद्द जवळजवळ जिथे होती तिथेच.

कोंडी फुटते कशी

वाट बघताना या तीन गोष्टींवर नजर ठेवा. एक, राखीव माणसं संपणं. १९१८ च्या वसंतात जर्मनीने शेवटची ताकद लावली, तिकडे अमेरिकन फौज उतरत होती, नाकेबंदीने घरी उपासमार, आणि ८ ऑगस्टला फ्रान्समध्ये एमिएनला रेघ फुटली ती पुन्हा सांधलीच नाही. दोन, शत्रूच्या मनातही नसलेली वस्तू. १९४८ च्या सप्टेंबरात काश्मीरच्या युद्धात झोजिला खिंडीतले आपले हल्ले फसले. १ नोव्हेंबरला थिमय्यांनी, हेच ते पुढे कोरियाला गेलेले, सुमारे साडेअकरा हजार फुटांवर स्टुअर्ट रणगाडे चढवले आणि खिंड मोकळी केली. पोर्तुगीजांच्या वसईलाही तसंच. १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला, आज जिथे कारागृह आहे तो, मराठ्यांनी बघता बघता घेतला. वसई मात्र १७३९ च्या मेपर्यंत झुंजली, आणि शेवटी चिमाजीअप्पांच्या माणसांनी तटाखाली सुरुंग उडवून वाट केली.

तिसरी गोष्ट वडिलांकडून कळलेली. १९४५ च्या जानेवारीत इटलीत ब्रिटिशांची आठवी आर्मी सेनिओ नदीपाशी थांबली. नदी फक्त पंधरा फुटांची. दोन्ही काठांना तीस-पस्तीस फुटी बांध, आणि जर्मनांनी ते बांध उंदरांनी पोखरावेत तसे पोखरून मशीनगन बसवलेल्या. वडिलांची पलटण हिवाळा संपता संपता तिथे आली. ते सांगायचे, "नदी म्हणू नगस, बांध म्हण. अल्याड आपुन, पल्याड ते. खोकला आला तरी दाबायचा." मीठबंदरचा बांध दाखवायला मी त्यांना एकदा घेऊन गेले होते. ते बराच वेळ त्याच्या उतारावर हात ठेवून उभे होते, मग म्हणाले, "ह्याच्या तिप्पट-चौपट धर."

९ एप्रिलला आधी विमानांनी, मग तोफांनी, मग ज्वाला फेकणाऱ्या गाड्यांनी तो बांध भाजून काढला, आणि सगळं एकाच संध्याकाळी, एकाच ठिकाणी. त्यांच्याच पलटणीतले नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव हे कंपनीचे निरोप्या होते. त्यांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांतून उचलून आणलं, मग एकट्याने तीन मशीनगन बंद पाडल्या आणि बांधावर चढून रणगर्जना दिली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. महिनोन्महिने न हललेली रेघ त्या रात्री हलली, आणि २ मे ला इटलीतली जर्मन फौज शरण आली. तेवीस दिवस. महिनोन्महिने साठवलेला दारूगोळा, विमानं, ताजी माणसं आणि कोरडी जमीन एका दिवशी एका जागी आणणं, ही ती तिसरी गोष्ट. बातम्यांत शांतता असते तेव्हा मागे हेच साठत असतं, म्हणून रेघ हलत नसतानाही १ आणि १५ तारीख चुकवायची नाही.

आठवीतला तो मुलगा आता नववीत गेला आहे. त्याच्या कागदावर सव्वीस रेघा झाल्या आहेत. कागद गुंडाळून ठेवला की त्याला बाक येतो आणि पुढची रेघ नकाशावर नीट बसत नाही, म्हणून तो त्याने आमच्या कपाटात, माझ्या जुन्या हजेरीपटांच्या खाली सपाट ठेवला आहे.